बावीस वर्षांच्या वैमानिकाचा माग



मागच्या बैठकीत हिशेब संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सासूबाईंचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात गेले, ते आलेच नाहीत. सासूबाई नव्वदीला टेकल्या, अजून दादाचं नाव काढतात. इतक्या वर्षांनी काही कळेल का?" कळू शकतं. कसं, ते सांगायला आज आम्ही एका परक्या मुलाची गोष्ट घेतली आहे. त्याचे कागद नीट जपले गेलेत म्हणून.

त्याचं नाव लेस नाइट. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा, जन्म १९२१ चा. हिशेबनिसाचं काम शिकत असताना हवाई दलात भरती झाला आणि इंग्लंडला जाऊन लँकेस्टर हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान चालवू लागला. सोबतचे सांगत, की तो दारू-सिगारेटला शिवत नसे, आणि गंमत म्हणजे त्याला मोटार सोडा, सायकलही चालवता येत नव्हती!

अशा माणसाचा शोध घरापासून सुरू होतो. पत्रं, फोटो, आणि मुख्य म्हणजे सैन्यातला क्रमांक. एका नावाची दहा माणसं निघतात, क्रमांक एकाचाच. मग सरकारी दप्तर. लेसची सेवानोंद ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्याच्या तुकडीची रोजची वही लंडनमधल्या क्यू इथे ठेवली आहे. कोणत्या रात्री कोण गेलं, किती वाजता उडालं, किती वाजता परतलं, सगळं त्यात. आपल्या गटाच्या इतिवृत्तासारखीच ती वही. आपण गैरहजेरी मांडतो, तिथे 'परतले नाहीत' असं मांडावं लागे.

१६ मे १९४३ च्या रात्री १९ विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. एडर धरण लेसच्या बॉम्बने फुटलं. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. निघालेल्या १३३ जणांपैकी ५३ त्या रात्री मेले. लेसला पदक मिळालं.

पुढे चारच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, धुक्यात खालून उडताना त्याचं विमान झाडांना घासलं आणि दोन इंजिनं गेली. नेदरलँड्सवर आल्यावर त्याने सोबतच्या सातही जणांना छत्रीने उड्या मारायला लावल्या आणि स्वतः विमान सावरत राहिला. सातही वाचले. तो डेन हॅम गावाजवळच्या शेतात विमान उतरवताना गेला. हे कळलं कसं? वहीत तर एवढंच, की विमान आलं नाही. बाकीचं सांगितलं वाचलेल्या सोबत्यांनी आणि त्या गावाने. गावकऱ्यांनी त्याला तिथेच पुरलं, त्याची आठवण अजून ठेवली आहे. म्हणून आम्ही म्हणतो, कागदावर थांबू नका, म्हाताऱ्या माणसांपाशी बसा.

आणि एक बाजू वैमानिकाच्या कागदांत सापडतच नाही. त्याच रात्री, त्याच तुकडीने मोहने नावाचं दुसरं धरण फोडलं. त्या पुरात बाराशेहून जास्त माणसं बुडाली. त्यांत निम्म्याहून अधिक परदेशी, सक्तीने कामाला आणलेली. नेहाइम गावाजवळच्या छावणीत तर युक्रेन, पोलंड, रशियाकडून धरून आणलेल्या शेकडो बायका होत्या. रात्रीच्या अंधारात पाणी आलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणींची नावंही कुणी धड लिहून ठेवली नाहीत. लेसच्या धाडसाचं कौतुक वाटतं, आणि या बायका डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आम्हाला दोन्ही एकदम वाटतं, त्यातलं एक काढून टाकता येत नाही.

आता आपल्या ताईंचं. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या यादीत दोन्ही महायुद्धांत गेलेल्या भारतीय सैनिकांचीही नावं आहेत, मोबाइलवर फुकट पाहता येतात. नाव इंग्रजीत आहे, त्यामुळे चार तऱ्हांनी लिहून बघा. साहेबाच्या कारकुनाने 'शिंदे'चं काय केलं असेल, सांगता येत नाही. पुष्कळांना थडगं नाही, अशांची नावं स्मारकाच्या भिंतीवर कोरली आहेत, तीही याच यादीत आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारून बघायचं.

गेल्या रविवारी ताईंनी सासूबाईंची पत्र्याची पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी एक पिवळा पडलेला कागद निघाला. घडीवर फाटलाय, पण क्रमांकाचे पहिले चार आकडे वाचता येतात. पुढचे दोन आम्ही उन्हात धरून बघतोय.