श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली?

विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते: ‘खाली स्रोत दिला होता, तरी मजकूर उडवला.’ त्यांच्या लेखी हा प्रचालकांचा आडमुठेपणा. पण इथे दोन निराळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. हे विधान खरं कशावरून, याचं उत्तर संदर्भ देतो. हा मजकूर किंवा हे चित्र वापरायचा हक्क कुठून आला, याचं उत्तर परवाना देतो. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. एखाद्या संकेतस्थळावरचे चार परिच्छेद जसेच्या तसे उचलून खाली त्याचं नाव घातलं, तर वाङ्मयचौर्याचा ठपका फार तर टळेल. प्रताधिकाराचा भंग झाला तो झालाच, वर मूळ मालकाचा पत्ताही आपणच लिहून दिलेला असतो. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. तथ्यावर आणि कल्पनेवर कोणाची मालकी नसते. ती असते मांडणीवर. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांची तुलना करताना हेच तत्त्व स्पष्ट केलं. म्हणजे किल्ल्याचा इतिहास कोणीही सांगावा, पण अमुक लेखकाच्या वाक्यांत नव्हे. अधूनमधून शब्द बदलून मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवणं हीसुद्धा नक्कलच.

‘मला स्वतःला ठाऊक आहे, मग संदर्भ कशाला?’ हा आक्षेप त्याहून रास्त वाटतो. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी २०१२ साली नेमका तोच घेतला होता. ‘द ह्यूमन स्टेन’ या त्यांच्याच कादंबरीमागची प्रेरणा विकिपीडियाने चुकीची दिली होती आणि ती बदलायला गेल्यावर दुय्यम स्रोत मागण्यात आला. त्यांनी ‘द न्यू यॉर्कर’मध्ये खुलं पत्र लिहिलं आणि त्या पत्राचाच संदर्भ देता येऊ लागला. वरवर हा विनोद वाटतो. पण संपादन करणारा माणूस खरोखर रॉथच आहे, की त्यांचं नाव सांगणारा कोणी उपटसुंभ, हे वाचकाने ओळखायचं कसं? जिथे लिहिणारा निनावी असू शकतो, तिथे त्याच्या शब्दाची किंमत शून्य धरूनच चालावं लागतं. तज्ज्ञाच्या आणि स्वतः लेखकाच्याही. ही सावधगिरी सुटली की काय होतं, ते कोआटी या प्राण्याच्या लेखात दिसलं. २००८ साली एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून त्यात ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असं एक टोपणनाव घुसवलं. पुढे ते वर्तमानपत्रांत उतरलं आणि मग तीच वर्तमानपत्रं त्या नावाचा पुरावा ठरली. विकिपीडियाचाच एक लेख दुसऱ्या लेखाला संदर्भ म्हणून का चालत नाही, ते यावरून कळावं.

संदर्भ म्हणजे लिंक, हा तर निव्वळ गैरसमज. छापील पुस्तक, जिल्ह्याचं गॅझेटियर, जुन्या दिवाळी अंकातला लेख हे सगळं चालतं. लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक दिला की ग्रंथालयात जाऊन कोणालाही पडताळता येतं. इंग्रजी विकिपीडियावरही मराठी ग्रंथाचा संदर्भ ग्राह्य असतो. तरीही एक आक्षेप उरतोच आणि त्याला पुरतं उत्तर नाही. जात्यावरच्या ओव्या, गावजत्रेची रीत, एखाद्या कारागिराचं कसब यांतलं बरंच काही कधी छापलंच गेलेलं नाही. २०११ साली ‘पीपल आर नॉलेज’ या माहितीपटाच्या निमित्ताने भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मौखिक माहितीचं ध्वनिमुद्रण संदर्भ म्हणून वापरता येईल का, हे तपासून पाहिलं गेलं. प्रयत्न मोलाचा होता, पण नियम बदलला नाही. माझ्या मते नियम सैल करण्यापेक्षा ती माहिती आधी नियतकालिकात किंवा स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात छापून येणं जास्त हिताचं आहे. वाट लांबची आहे, पण त्यात सांगणाऱ्याचं नावही टिकतं.

चित्रांच्या बाबतीत गोंधळ अधिक, कारण चित्र एका टिचकीसरशी हाती येतं. © ची खूण नाही म्हणून ते मोकळं, असं होत नाही. प्रताधिकार निर्मितीबरोबरच आपोआप येतो, नोंदणी करावी लागत नाही. फोटोतला माणूस हा फोटोचा मालक असतोच असं नाही. एखाद्या अभिनेत्याने स्वतःहून फोटो पाठवला, तरी हक्क बहुधा छायाचित्रकाराकडे असतो. आजोबांचा स्टुडिओतला फोटो स्कॅन करून ‘स्वतःचं काम’ या रकान्यावर खूण करणं म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स काढून जमीन आपली म्हणण्यासारखं आहे. १९५७च्या भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. सरकारी कृतीचाही प्रकाशनापासून साठ वर्षं टिकतो. नासाची छायाचित्रं मोकळी असतात ती अमेरिकी संघराज्याच्या कायद्यामुळे. आपल्या खात्यांना तो नियम लावता येत नाही. चौकातल्या कायमस्वरूपी पुतळ्याचा फोटो काढायला कलम ५२ मोकळीक देतं, पण भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ती मिळत नाही.

शिवाय विकिपीडियाची चित्रं जिथे साठवली जातात, त्या विकिमीडिया कॉमन्सवर फाइल मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मोकळी असावी लागते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे भारतात त्यांचं लेखन २०११पासून सर्वांसाठी खुलं आहे. पण अमेरिकी कायदा परदेशी कृतींसाठी जी तारीख धरतो, त्या १ जानेवारी १९९६ रोजी ते इथे संरक्षित होतं, म्हणून अमेरिकेत त्यांच्या १९३०च्या दशकातल्या पुस्तकांवर प्रकाशनापासून ९५ वर्षांचा हिशेब चालतो. हा पेच अनेकांना अन्यायाचा वाटतो आणि तो आहेही; पण सर्व्हर ज्या देशात, त्या देशाचा कायदा टाळता येत नाही.

‘ज्ञानाचं काम आहे, मग व्यापारी वापरालाही मुभा द्यायची सक्ती कशासाठी?’ हा प्रश्न उदार मनाचे छायाचित्रकारसुद्धा विचारतात. पण किंमत छापलेला दिवाळी अंक, खाजगी प्रकाशकाचं पाठ्यपुस्तक, विकत मिळणारा नकाशा हे सगळे वापर व्यापारीच ठरू शकतात. ‘अव्यापारी’ अट घातली की चित्र तिथवर पोचत नाही, म्हणून कॉमन्स तसा परवाना स्वीकारतच नाही. श्रेय देण्याची अट मात्र ठेवता येते. रूपांतर करणाऱ्याने आपली आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवावी, अशीही अट घालता येते. त्यामुळे ‘विकिपीडियावर लावायला हरकत नाही’ असं एका ओळीचं पत्र आलं, तरी काम होत नाही. पत्र हक्कधारकाने स्वतः पाठवायला हवं, त्यात नेमकी कोणती फाइल आणि कोणता परवाना ते असावं, आणि चित्र कोणीही बदलू शकेल, विकूही शकेल, हे आपल्याला मान्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असावं.