शर्यत निवडताना आधी जमीन बघा

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मुंबई मॅरेथॉनला दहा-बारा आठवडे उरलेले असतील. ज्याने गणपतीतही पहाटेचं धावणं सोडलं नाही, त्याला एवढे दिवस पुरतात. ज्याने दसऱ्याला बूट घेतले, त्याला पुरत नाहीत. दरवर्षी दिवाळीत मला चार-पाच फोन येतात. "दादा, या वर्षी फुल करायचीच, काय करू?" मी दरवर्षी एकच उत्तर देतो: या जानेवारीत दहा किलोमीटर धाव, पुढच्या जानेवारीत फुल मॅरेथॉन. बहुतेकांना ते आवडत नाही, पण ज्यांनी ऐकलं ते आजही धावताहेत.

हा आढावा त्या फोन करणाऱ्यांसाठी आहे. दिवाळीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत महाराष्ट्रात आणि गोव्यात हौशी माणसाने धावावं, सायकल चालवावी, पोहावं असं बरंच काही असतं. तारखा आणि नोंदणीच्या मुदती थोड्या मागेपुढे होतात, त्या आयोजकांकडून तपासून घ्या. माझं सांगणं वेगळं आहे. शर्यत निवडताना पदक, टी-शर्ट, फोटो यांच्याकडे बघू नका. आधी जमीन बघा: चढ किती, हवा कोरडी की दमट, ऊन कधी लागेल, आणि वर्षभर आपले पाय कुठल्या जमिनीवर फिरले.

मुंबईचीच गोष्ट घ्या. ही शर्यत २००४ साली सुरू झाली आणि जानेवारीचा तिसरा रविवार तिच्या नावावर झाला. हौशी फुलवाले पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून सुटतात. रस्ता बहुतेक सपाट आहे, म्हणून नवख्याला ही शर्यत सोपी वाटते. पण मुंबईत फारसा चढ नसला तरी दमट हवा आहे. सातारा-नाशिकच्या कोरड्या थंडीत तयारी केलेला माणूस मरीन ड्राइव्हवरच घामाने निथळायला लागतो, आणि घाबरून प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी पीत सुटतो. हे धोक्याचं आहे. घामातून मीठ जात असताना पोटात फक्त पाणी पडलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, गरगर, आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर जिवावर बेतणारी अवस्था. पाण्यासोबत मीठ हवंच, आणि कुठल्या रूपात चालतं ते घरच्या लाँग रनला ठरवून ठेवायचं. माझ्या पहिल्या फुलला पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आला. एरवी तो चढ कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्या दिवशी माझ्या आजूबाजूचे निम्मे लोक चालत होते, आणि एक आजी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातावर संत्र्याच्या दोन फोडी ठेवत होती.

वांद्रे-वरळी सागरी सेतूचं मोलही या शर्यतीमुळे कळतं. साडेपाच किलोमीटरहून लांब हा पूल पादचाऱ्याला आणि सायकलवाल्याला एरवी बंद असतो. शर्यतीच्या पहाटे तो पायी ओलांडता येतो. समुद्रावरून येणारा वारा अंगावर घेत, एका हाताला अंधारातली मुंबई बघत धावणं, एवढ्यासाठीसुद्धा मुंबई एकदा करावी.

मॅरेथॉन हे शहरी फॅड आहे असं अजूनही ऐकू येतं, तेव्हा मला पुण्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरच्या स्पर्धांत शेतकरी मुलं अनवाणी धावली. ती बघून दोराबजी टाटांनी पुढच्या वर्षी भारताचा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवायचा पुढाकार घेतला. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. १९२० च्या त्या मॅरेथॉनमध्ये ते २ तास ५० मिनिटांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. आज हौशी धावपटू तीन तासांच्या आत आला, तर त्याचा क्लब महिनाभर कौतुक करतो. शंभर वर्षांपूर्वीच्या बुटांत बेळगावच्या माणसाने ते केलं होतं. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनही देशातल्या जुन्यांपैकी, १९८३ पासूनची. डिसेंबरचा पहिला रविवार तिचा. वसई-विरारची डिसेंबरातच, नाशिकची मविप्र मॅरेथॉन जानेवारीत, आणि गोव्यात वास्कोजवळ चिखलीला झुआरीच्या काठाने धावायची रिव्हर मॅरेथॉन डिसेंबरात. पहिली हाफ मॅरेथॉन करणाऱ्याला मी नाशिक सुचवतो. हवा कोरडी, पहाट थंड, आणि गंगापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची मुलं ओरडत उभी.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन मात्र वेगळ्याच जातीची. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासचं पठार होतं. त्याच वर्षी कासच्या रस्त्यावर ही शर्यत सुरू झाली. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वर पठाराच्या बाजूला जाऊन त्याच वाटेने उतरायचं. २०१५ मध्ये डोंगरी शर्यतीतल्या सर्वाधिक धावपटूंसाठी तिची गिनीजमध्ये नोंद झाली. ती पावसाळ्याच्या शेवटाला येते, म्हणजे यंदाची होऊन गेली. तरी तिच्याबद्दल आत्ताच सांगायला हवं, कारण तिची तयारी दिवाळीला सुरू करावी लागते. यवतेश्वर चढताना फुप्फुसं बोलतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मांड्या मात्र उतरताना जातात. शेवटचे सहा-सात किलोमीटर उताराचे, पावसाने निसरडे झालेले, आणि वेळ भरून काढायच्या नादात लोक तिथे पाय सोडून देतात. दुसऱ्या दिवशी घरचा जिना उलटा उतरणारे मी पाहिलेत. ज्याला सातारा करायची आहे त्याने आठवड्यातून एकदा तरी टेकडी उतरावी, सावकाश, पावलं लहान ठेवून.

डांबराचा कंटाळा आला असेल तर डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा ही गडवाटेवरची शर्यत आहे. पुरी वाट ५३ किलोमीटरची, सोबत छोटी अंतरंही असतात. संजीवनी माचीवरून तोरण्याकडे जाणारी धार आपण ट्रेकला दिवसभर घेऊन चाललेलो असतो. तिथे घड्याळ लावून धावायचं, तर पायाखालचा मुरूम ओळखता आला पाहिजे. महामार्गावर कितीही मॅरेथॉन केल्या असल्या, तरी गडवाटेवरचा सराव नसेल तर ही शर्यत घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. आधी वर्षभर सिंहगड चढा-उतरा.

आता सायकल. या राज्यात सायकलची परंपरा धावण्याहून जिवंत आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत, आणि माझ्या लहानपणी तो किताब क्रिकेटपटूच्या शतकाइतका मोठा वाटायचा. हौशी माणसासाठी आज खरी पाठशाळा आहे ती बीआरएम, म्हणजे ब्रेव्हे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी ती जगभर चालते. आपल्याकडे ती रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा आहे. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका हंगामात चारही केल्या की ‘एसआर’, सुपर रॅण्डोनर. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आलेले सगळे सारखे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, पंक्चर आपलं आपण काढायचं, गाडीतून मदत घ्यायची नाही.

आपलं आपण निभावण्याचा हा नियम मला फार आवडतो, आणि तो मी नीट शिकलो ते हरून. माझी पहिली ३०० पूर्ण झाली नाही. घाट जोरात चढलो, उतारावर मागचं चाक बसलं, जवळ एकच ट्यूब होती आणि तीही सदोष निघाली. अंधारात पॅच लावत बसलो, पुढच्या कंट्रोलला, म्हणजे शिक्क्याच्या ठिकाणी, अकरा मिनिटं उशिरा पोहोचलो. कार्ड तिथेच संपलं. तेव्हापासून दोन ट्यूब, पॅच, पंप, आणि घाटात धीर, या चार गोष्टी घेतल्याशिवाय निघत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या ब्रेव्हेंबद्दल एक कळकळीची सूचना. त्यांचा हंगाम म्हणजेच उसाचा हंगाम. रात्री दोनदोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. कधी विरुद्ध बाजूनेही येतात. मागचा-पुढचा दिवा आणि चमकणारं जाकीट ब्रेव्हेत सक्तीचं आहे, ते तपासणीपुरतं घालू नका. साखर कारखान्यांनी गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावला, तर सायकलवाल्यांइतकाच दुचाकीवरून घरी जाणाऱ्या शेतकऱ्याचाही जीव वाचेल.

लांबचं स्वप्न असणाऱ्यांनी २०२७ चा ऑगस्ट डोक्यात ठेवावा. १८९१ मध्ये सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आता चार वर्षांनी एकदा होते. १२०० किलोमीटर, नव्वद तास. आदल्या वर्षी जास्त लांबीची ब्रेव्हे केलेल्याला नोंदणीत आधी संधी मिळते, आणि त्या वर्षीच्या हंगामात चारही अंतरं पुन्हा करावी लागतात. याहून कडवं काही हवं असेल तर पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगर आहे, ६४३ किलोमीटरची, ‘रॅम’साठी पात्र ठरवणारी. अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या त्या सुमारे ४८०० किलोमीटरच्या शर्यतीत नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून शेवटपर्यंत मजल मारली, आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. क्लिफहँगर चौघांच्या संघानेही करता येते. हौशी माणसाने तशीच सुरुवात करावी.

आणि ज्याला घड्याळच नको, त्याने आषाढीआधी नाशिकहून पंढरपूरला जाणाऱ्या सायकल वारीत सामील व्हावं. सत्तरीचे आजोबा आणि कॉलेजातली मुलगी एका रांगेत, वाटेवरच्या गावात पिठलं-भाकरी. मी जेवढ्या ठिकाणी सायकल घेऊन गेलो, त्यात इतका निवांत आनंद दुसरीकडे मिळाला नाही.

पोहणं-सायकल-धावणं एकत्र करू पाहणाऱ्यांना गोवा खुणावतो. मिरामारला २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ होते: समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. सगळं साडेआठ तासांत. आपल्याकडच्या देशावरच्या माणसाची अडचण पहिल्या टप्प्यात होते. तो विहिरीत शिकलेला असतो, पाठीला पांगारा किंवा डबा बांधून. त्याला बुडायची भीती नसते, पण मान वर ठेवून पोहायची सवय असते, आणि लाटांत ती मान पंधरा मिनिटांत भरून येते. म्हणून मी म्हणतो, गोव्याआधी मालवण. डिसेंबरात चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते. पाचशे मीटरपासून अंतरं असतात, पहिली-दुसरीतली पोरं आणि सत्तरी ओलांडलेले लोक एकाच पाण्यात उतरतात. तिथे एक किलोमीटर शांतपणे पोहून बघा. मग कोल्हापूरला राजाराम तलावात पोहून सुरू होणारी बर्गमन ट्रायथलॉन. तलावाला लाट नाही, आणि कोल्हापूरकर अनोळखी माणसालाही हाक मारून पुढे ढकलतात. त्यानंतर गोवा. तिथेही तिघांनी मिळून रिले करता येते, हे फार जणांना ठाऊक नसतं.

मला सगळ्यात जवळची शर्यत मात्र या कुठल्याच यादीत नसते. प्रजासत्ताक दिनाला किंवा शिवजयंतीला तालुक्याच्या गावी होणारी, रोख बक्षिसाची, चुन्याने रेघ मारलेली. तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली येतात. त्यांना भरतीत १६०० आणि ८०० मीटर काढायचे असतात, आणि त्यातल्या कित्येकांचे पाय आम्हा पदकवाल्यांपेक्षा कितीतरी सरस. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, नाशिकमधल्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच मातीतून आल्या. ललिताने मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा जिंकली आणि रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावली. आजच्या मोठ्या शर्यतींचं हजार-दोन हजारांचं शुल्क या पोरांना परवडत नाही. प्रत्येक आयोजकाने शंभरातली पाच बिबं तालुक्यातल्या अशा मुलांसाठी मोफत ठेवावीत. त्याने त्याचं काही बुडणार नाही, आणि शर्यतीचा वेग वाढेल.

नोंदणी करण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा. पाणी किती अंतरावर आहे? रस्ता खरोखर बंद होणार का? आणि सुरुवातीला व वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृहं किती आहेत? तिसरा प्रश्न पुरुषांनीही विचारावा, कारण कित्येक मैत्रिणी पहाटे तीनपासून पाणी न पिता उभ्या असतात आणि मग दहाव्या किलोमीटरला चक्कर येऊन बसतात. एका शहरातल्या हाफमध्ये सोळाव्या किलोमीटरला पाणी संपलेलं मी पाहिलंय. ऊन वर आलेलं, टेबलावर रिकामे पेले. समोरच्या घरातल्या काकूंनी कळशी आणि दोन तांबे आणून ठेवले आणि पुढचा तासभर त्या ओतत राहिल्या. मागून येणारे शे-दीडशे लोक त्यांच्या पाण्यावर पोहोचले.

म्हणून जे धावणार नाहीत त्यांनाही एक विनंती. या हंगामात तुमच्या रस्त्यावरून शर्यत जाणार असेल, तर त्या रविवारी लवकर उठा आणि दारात उभे राहा. संत्री सोलून ठेवा, एका ताटलीत मीठ ठेवा, जवळ पाण्याची कळशी असू द्या. पहिल्या शंभरांनंतर घरात जाऊ नका. सगळ्यात जास्त गरज शेवटच्या तासात येणाऱ्यांना असते.