कोणत्या बाजूची पानं काढायची?

शिराझ या वाईनच्या द्राक्षाचा पिकलेला मणी चिमटीत दाबून बघा. साल काळीनिळी, पण रस निघतो जवळजवळ बिनरंगी. लाल वाईनचा रंग सालीत असतो, तुरटपणा साल आणि बियांत. म्हणून तर रस सालीसकट आंबवतात. ती साल कशी पिकते, हे मात्र बरंचसं पानांवर अवलंबून असतं.

नाशिकच्या बागायतदाराला पानं हाताळायला शिकवावं लागत नाही. काडी तयार करणारी एप्रिलची खरड छाटणी, फळासाठीची ऑक्टोबरच्या आसपासची गोड छाटणी, शेंडा मारणं, बगलफुटी काढणं हे सगळं हातात बसलेलं. खरडीनंतर काडीला ऊन मिळालं नाही तर डोळ्यात घड धरत नाही, हे तो जाणतो. पण हा हात तयार झाला खायच्या द्राक्षावर. तिथे मणी टपोरा आणि साल पातळ हवी. वाईनला बारीक मणी बरा, कारण त्यात रसाच्या मानाने साल जास्त भरते. सवय मोडणं इथे छाटणीपेक्षा अवघड.

वाईनच्या बागेत मांडवाऐवजी तारांवर फुटी उभ्या बांधून हिरवी भिंत करतात. ती किती जाड असावी? ऑस्ट्रेलियाचे द्राक्षतज्ज्ञ रिचर्ड स्मार्ट यांचं माप पानांच्या एक ते दीड थराचं. वरचं पान बहुतेक ऊन स्वतःच पिऊन टाकतं. तिसऱ्या थरातलं पान नुसतं बसून खातं. दाटीत हवा खेळत नाही, भुरी रोगाचं फावतं. सावलीतल्या मण्यात पोटॅशियम वाढतं, आम्लता उतरते आणि वाईनचा रंग मळकट होतो. काबर्ने सॉविन्याँ या वाणाला तर ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास येतो.

मग घडाभोवतीची सगळीच पानं ओरबाडावीत? थंड देशांत ते चालून जातं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात उघडा मणी आसपासच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. पारा पस्तिशीपुढे गेला की सालीत रंग नीट धरत नाही, उलट मणी भाजतो. बाहेरच्या पुस्तकातली पानकाढणी इथे जशीच्या तशी उतरवणं म्हणजे माझ्या मते निव्वळ नुकसान. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर पूर्वेकडची पानं विरळ करायची, म्हणजे घडाला सकाळचं कोवळं ऊन मिळतं. पश्चिमेकडची राखायची. आणि हे काम मणी मऊ पडून त्यात पाणी उतरण्याआधीच उरकायचं. सावलीत वाढलेला मणी उशिरा एकदम उघडा पडला तर लवकर भाजतो.

जानेवारीत नाशिकच्या एखाद्या वाईनरीत गेलात, तर चव घेण्याआधी बागेत एक ओळ दोन्ही बाजूंनी चालून बघा. घड कोणत्या अंगाला उघडे ठेवलेत ते पाहा आणि मगच पेला हातात घ्या.