मोंते कासीनोच्या डोंगरावरची पोलिश दफनभूमी

रोमहून नेपल्सला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कासीनो नावाचे गाव लागते. गावाला लागूनच उभा डोंगर आहे आणि माथ्यावर संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापन केलेला मठ. या मठाजवळच्या उतारावर हजाराहून अधिक पोलिश सैनिक पुरलेले आहेत. लढाई संपल्यावर त्यांना मायदेशी का नेले नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर कळण्यासाठी आधी हे सैनिक इटलीत पोहोचले कसे, ते पाहावे लागते.

सैबेरियातून इटलीत

सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघाने हल्ला केला. सोव्हिएत ताब्यात गेलेल्या पूर्व पोलंडमधून लाखो माणसांना कुटुंबासह मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात पाठवण्यात आले. 1941 मध्ये हिटलर सोव्हिएत संघावर उलटला, तेव्हा स्तालिनने पोलंडच्या परागंदा सरकारशी करार केला आणि बंदिवान पोलिशांची सुटका मान्य केली. मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात असलेले जनरल व्लादिस्वाव आंदेर्स बाहेर आले आणि सुटलेल्या माणसांतून त्यांनी सैन्य उभे केले. 1942 मध्ये हे सैन्य इराणात उतरले. सोबत हजारो बायकामुलेही होती. पुढे इराक आणि पॅलेस्टाइन करत आंदेर्स यांचे दुसरे पोलिश कोअर इटलीच्या आघाडीवर दाखल झाले.

ती बायकामुले कुठे गेली, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांतल्या अनेकांचे वडील, नवरे, भाऊ आंदेर्स यांच्या सैन्यात होते. इटलीतल्या डोंगरावर जे घडत होते, त्याची धास्ती वळिवड्याच्या घराघरांत होती, हे आपण विसरू नये.

डोंगरासाठी चार लढाया

रोमचा रस्ता मोंते कासीनोच्या पायथ्यातून जातो, म्हणून जर्मनांनी हा डोंगर धरून ठेवला होता. जानेवारी 1944 पासून अमेरिकन, ब्रिटिश, न्यूझीलंडर आणि भारतीय पलटणी त्यावर आदळून मागे फिरल्या. 15 फेब्रुवारीला दोस्तांच्या विमानांनी मठच जमीनदोस्त केला. त्याने फायदा जर्मनांचाच झाला, कारण ढिगाऱ्यांत दबा धरायला त्यांना हक्काच्या जागा मिळाल्या. मठामागच्या 593 क्रमांकाच्या टेकडीसाठी भारताच्या चौथ्या डिव्हिजनने फेब्रुवारीत रक्त सांडले. त्याच टेकडीसाठी मे महिन्यात पोलिश पुढे सरसावले.

पहिला हल्ला 12 मेच्या पहाटे फसला. मृत आणि जखमींचा खच पडला. 17 मे रोजी त्यांनी पुन्हा चढाई केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गस्ती तुकडीने मठाच्या अवशेषांवर निशाण लावले. मग एका बिगुलवाल्याने क्राकोवच्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून रोज वाजणारी धून वाजवली. ही धून मध्येच तुटते. तातारांच्या हल्ल्यात इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण लागला, म्हणून ती तिथेच थांबते, असे पोलिश लोककथा सांगते. या लढाईत 923 पोलिश सैनिक ठार झाले, 2,931 जखमी झाले आणि 345 बेपत्ता झाले.

दफनभूमीची रचना

ही जागा मठ आणि 593 क्रमांकाची टेकडी यांच्या मधली, म्हणजे ऐन रणभूमीतली. 1 सप्टेंबर 1945 रोजी, पोलंडवरच्या जर्मन हल्ल्याला सहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, तिचे उद्घाटन झाले. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी कबरींच्या रांगा चढत जातात. कॅथलिकांच्या क्रुसांबरोबर ऑर्थोडॉक्स सैनिकांचे क्रूस आहेत आणि ज्यूंच्या कबरींवर डेव्हिडचा तारा आहे. युद्धापूर्वीचा पोलंड किती नाना धर्मांचा होता, हे मला इथल्या कबरी पुस्तकांपेक्षा अधिक नेमके सांगतात.

प्रवेशाजवळच्या कोरीव मजकुरात वाटसरूला विनंती आहे : पोलंडला जाऊन सांग, आम्ही तिच्या सेवेत निष्ठेने पडलो. थर्मोपिलीच्या ग्रीक वीरांसाठी लिहिलेल्या प्राचीन स्मृतिलेखावर तो बेतलेला आहे. 593 क्रमांकाच्या टेकडीवर कार्पेथियन डिव्हिजनचा वेगळा स्मारकस्तंभ आहे. त्यावरच्या लेखात सैनिक सांगतात की आत्मा देवाला दिला, जीव इटलीच्या मातीला आणि काळीज पोलंडला.

परत का नेले नाही

फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टा इथे चर्चिल, रूझवेल्ट आणि स्तालिन यांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे जाईल असे ठरवले. आंदेर्स यांच्या कितीतरी सैनिकांची घरे नेमकी त्याच भागातली होती. इथे लढलेल्या एका डिव्हिजनचे नावच पूर्वेच्या सीमाप्रदेशावरून ठेवलेले आहे. ज्या गावांसाठी ते लढले, ती युद्ध जिंकूनही पोलंडची राहिली नाहीत. जिवंत राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी परागंदा राहणेच पत्करले. 1946 मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने खुद्द आंदेर्स यांचे नागरिकत्व काढून घेतले. जिवंत सेनापतीलाच मायदेश बंद झाला होता, तिथे मृतांना नेणार कुठे? मित्रराष्ट्रांनी या सैनिकांशी केलेला हा व्यवहार अन्यायाचाच होता, आणि तो स्पष्ट शब्दांत म्हटला पाहिजे.

आंदेर्स 12 मे 1970 रोजी लंडनमध्ये वारले. पहिल्या हल्ल्याचीच ती तारीख. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मोंते कासीनोला, आपल्या सैनिकांत पुरले. 1979 च्या 18 मे रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी इथे येऊन प्रार्थना केली, तेव्हा पोलंडमध्ये अजून कम्युनिस्ट राजवटच होती.

इटलीतली इतर स्थळे

पोलिश सैनिकांच्या आणखी तीन दफनभूमी इटलीत आहेत : लोरेतो, कासामासीमा आणि बोलोन्या. आकाराने सर्वांत मोठी बोलोन्याची.

कासीनोला जाणाऱ्या मराठी माणसाने डोंगर उतरल्यावर गावाजवळच्या राष्ट्रकुल दफनभूमीतही जावे. ज्यांच्या कबरींचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावे तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या जवानाने 10 जुलै 1944 रोजी तिबेर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने झेप घेतली, ठाणे जिंकले आणि तिथेच प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.