नव्या घरातील तक्रारींची वही

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. जुने घर दुरुस्त करून पाहावे, असे मात्र ती सांगत नाही. तो अनुभव आम्ही २०२४ साली घेतला. साताऱ्यातील आमचे घर माझ्या आजोबांनी बांधलेले. जाड विटांच्या भिंती आणि शहाबादी फरशीचे ते घर फेब्रुवारीत दुरुस्तीला काढले. गिलावा, फरशा, नळ, विजेच्या तारा, रंग असे सारे नवे झाले. १० मे रोजी, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आम्ही पुन्हा राहायला आलो.

पहिला आठवडा कौतुकात गेला. दुसऱ्या आठवड्यापासून तक्रारी सुरू झाल्या. जून उजाडला, पाऊस आला आणि तक्रारी वाढल्या. रोज संध्याकाळी घरात एकच विषय असे : गवंड्याने फसवले! त्याचा शेवटचा हप्ता द्यायचा राहिला होता. तो आता द्यायचाच नाही, असे मीही रागाच्या भरात बोलून गेलो.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, "बाबा, कॉलेजात तुम्ही मुलांना निरीक्षणाची वही घालायला लावता. मग घराची का नाही?" मी निरुत्तर झालो. तिने एक वही घेतली आणि चार रकाने आखले : काय, कुठे, केव्हा, किती. वहीत सहा तक्रारी नोंदल्या गेल्या. सहावी तक्रार माझ्या आईची होती. "अरे, न्हाणीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात रे," असे ती दोनतीनदा म्हणाली होती. "आई, या वयात मुंग्या यायच्याच," असे म्हणून मी ती उडवून लावली होती. मुलीने मात्र ती लिहून ठेवली. एका रविवारी सकाळी आम्ही दोघे वही घेऊन तपासणीला लागलो.

पाणी चढावर कसे जाईल?

पहिली तक्रार न्हाणीघराची. अंघोळ झाली की पाणी जाळीकडे न जाता समोरच्या कोपऱ्यात साचे. डोळ्यांना तर फरशी अगदी सपाट दिसत होती. उतार डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी गवंडी जे साधन वापरतो तेच आम्ही घेतले. ते म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक लांब नळी. नळीची दोन्ही टोके उघडी असली की, मधली नळी कितीही वेडीवाकडी असो, दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते. कारण पाणी स्थिर असताना एकाच पातळीवरील सर्व बिंदूंपाशी दाब सारखा असतो. नळीत हवेचा बुडबुडा मात्र राहता कामा नये. तो राहिला तर मापन चुकते.

एक टोक कोपऱ्यात आणि दुसरे जाळीपाशी उभे धरले. फरशीपासून पाण्याची उंची कोपऱ्यात ४०.३ सेंटीमीटर भरली आणि जाळीपाशी ४०.० सेंटीमीटर. म्हणजे जाळीपाशी फरशी ३ मिलिमीटर उंच होती! न्हाणीघरात दर मीटरला साधारणतः एक ते दीड सेंटीमीटर उतार ठेवतात. त्या हिशेबाने दोन मीटर अंतरावरील जाळी दोन सेंटीमीटर तरी खाली हवी होती. ही चूक निःसंशय गवंड्याची.

फरशीचा आवाज

दुसरी तक्रार स्वयंपाकघराची. काही फरशांवर भांडे ठेवले की 'ढब' असा आवाज येई. लाकडी लाटण्याच्या टोकाने आम्ही एकेक फरशी वाजवून पाहिली. जी फरशी खालच्या सिमेंटला सर्व बाजूंनी घट्ट चिकटली आहे, तिला कंप पावायला वाव नसतो. तिचा आवाज भरीव आणि तोकडा येतो. खाली पोकळी राहिली असेल तर फरशी ढोलकीच्या पानासारखी कंप पावते.

डॉक्टर छातीवर बोटे ठेवून ठोकून पाहतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ऑस्ट्रियातील लिओपोल्ड औएनब्रुगर या वैद्याने १७६१ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळ चालवत असत. पिंपात मद्य किती उरले हे ठोकून ओळखण्याची रीत त्याने लहानपणी पाहिलेली होती. आमच्या ६४ फरशांपैकी ७ पोकळ निघाल्या. हीही चूक बसवणाऱ्याचीच.

दोन प्रकारचे तडे

खरे भांडण तड्यांवरून होते. मुलीने जवळून पाहिले तेव्हा तड्यांचे दोन प्रकार आहेत हे ध्यानात आले. एक तडा तुळईच्या खालच्या कडेने सरळ आडवा गेला होता. तुळई काँक्रीटची आणि भिंत विटांची. उष्णतेने काँक्रीट विटेच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. चार मीटर लांबीची तुळई २० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे ०.८ मिलिमीटर वाढते, आणि तिच्याखालची भिंत त्याच्या निम्मीच. दोघींवर एकच गिलावा ताणून बसवलेला. ही ओढाताण त्याला सोसत नाही. म्हणून अशा सांध्यावर गिलाव्याच्या आत लोखंडी जाळी मारायची असते. ती मारलेली नव्हती.

दुसऱ्या प्रकारचे तडे दिवाणखान्याच्या भिंतीभर जाळीसारखे पसरले होते. आटलेल्या तळ्याचा गाळ भेगाळतो, अगदी तसे. 'पाया तर खचत नाही ना?' ही सर्वांच्या मनातील भीती. ती तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाच्या काही काचपट्ट्या आणल्या. तड्यावर आडवी पट्टी ठेवून तिची दोन्ही टोके भिंतीला पक्की चिकटवली आणि बाजूला तारीख लिहिली. तडा रुंदावत असेल तर काच ताण न सोसून फुटते. पुढचे तीन महिने आम्ही त्या पट्ट्या पाहत होतो. एकही फुटली नाही. म्हणजे भिंत स्थिर होती. तडे केवळ गिलाव्याचे होते.

पण ते पडले का? त्या रविवारी दुपारी गवंडी मिस्त्रींना बोलावून मी हाच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारला. ते शांतपणे म्हणाले, "सर, गिलाव्याला पाणी किती दिवस मारलंत?"

मी गप्प बसलो. पाणी मारण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतले होते, आणि रंगारी खोळंबला म्हणून दोनच दिवसांत ते थांबवले होते. तेही एप्रिलच्या उन्हात!

सिमेंट 'वाळून' घट्ट होते असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून जे नवे पदार्थ तयार होतात, ते वाळूच्या कणांना बांधून ठेवतात. ५० किलोच्या एका पोत्यातील सिमेंट या क्रियेत सुमारे ११ ते १२ लिटर पाणी कायमचे बांधून घेते. क्रिया पहिल्या काही दिवसांत झपाट्याने आणि पुढे कित्येक आठवडे मंदपणे चालू राहते. पाणी त्याआधीच उडून गेले तर सिमेंट अर्धे कच्चे राहते आणि गिलावा आक्रसतो. मागची वीट आक्रसत नाही. मग गिलाव्यात ताण निर्माण होतो. सिमेंट दाब उत्तम सोसते, ताण फारसा सोसत नाही, ते तडकते. काँक्रीटला किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस ओलावा द्यावा, असे भारतीय मानक सांगते. गिलाव्याचे तत्त्व वेगळे नाही. सिमेंटला मुहूर्त कळत नाही. ही चूक माझी होती, आणि मी पदार्थविज्ञान शिकवतो!

भिंत पाणी पिते

पाचवी तक्रार मागच्या भिंतीची. पावसाला सुरुवात होताच तिच्या तळाशी रंगाला फुगे आले, पोपडे सुटले आणि खाली पांढरी भुकटी दिसू लागली. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. वीट म्हणजे असंख्य सूक्ष्म नलिकांचे जाळे. पृष्ठताणामुळे अशा नलिकांतून पाणी वर चढते, हे केशाकर्षण तुम्ही शिकलाच आहात. नलिका जितकी बारीक तितके पाणी उंच. त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे १५ सेंटीमीटर चढते; ०.०१ मिलिमीटर असेल तर दीड मीटर! जमिनीतील क्षार या पाण्यात विरघळून वर येतात. पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मागे राहतात, आणि वाढताना ते रंगाला व गिलाव्याला बाहेर ढकलतात.

आजोबांच्या काळी जोत्याशी ओल अडवणारा थर घातलेला नव्हता. त्या वेळचा चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडत असे. आम्ही त्यावर प्लास्टिक रंगाचे आवरण चढवले आणि भिंतीचा श्वासच कोंडला. यात गवंड्याला दोष देण्यासारखे काही नव्हते.

शेवटची नोंद

संध्याकाळ झाली. मी वही मिटणार होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, सहावी राहिली. आणि तिचा 'केव्हा' हा रकाना कोरा आहे." तिने आजीला विचारले, "आजी, मुंग्या केव्हा येतात गं?"

"सकाळी. अंघोळीच्या वेळी."

"संध्याकाळी त्याच नळावर हातपाय धुतेस, तेव्हा?"

"तेव्हा नाही बाई येत."

हात तोच, वय तेच, नळही तोच. मग सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक कोणता? सकाळी गीझर चालू असतो! पाऊस सुरू झाल्यापासूनच आम्ही तो लावू लागलो होतो. माझ्या अंगावर काटा आला. मी आधी घराचा मुख्य खटका बंद केला आणि मग अनुभवी वायरमनला बोलावले.

गीझर जुनाच होता. फक्त नव्या भिंतीवर बसवला होता. त्याची तापणारी तार एका धातूच्या नळीत, विद्युतरोधक पांढऱ्या भुकटीत बसवलेली असते. त्या नळीला चीर पडली होती, आणि त्यातून वीजप्रवाह पाण्यात व टाकीत झिरपत होता. असे होऊ शकते. म्हणूनच टाकीला हिरवी तार जोडतात, जिला आपण अर्थिंग म्हणतो. तिचा रोध अगदी कमी असल्याने झिरपणारा प्रवाह माणसाऐवजी तिच्यातून जमिनीत जातो. वायरमनने भिंतीतील खोका उघडला. हिरवी तार आत तशीच कापून सोडलेली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती. बाहेरून तीन भोकांची चकचकीत नवी खोबणी मात्र दिमाखात बसवलेली.

ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टला भागून पाहा : ०.२३ अँपिअर. सुमारे एक सहस्रांश अँपिअरला मुंग्या जाणवतात. दहा सहस्रांशाच्या आसपास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. आणि ३० सहस्रांशांच्या पुढचा प्रवाह छातीतून गेला तर प्राणावर बेतू शकते. आईवर मुंग्यांवरच निभावले, कारण तिच्या पायात रबरी चपला होत्या. आणि त्या ती न्हाणीघरात का घालत होती? कोपऱ्यात पाणी साचून पाय घसरतो म्हणून!

दुसऱ्याच दिवशी अर्थिंग जोडले, गीझरचा तो भाग बदलला आणि मुख्य पेटीत गळती ओळखणारा खटका बसवला. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहांत ३० सहस्रांश अँपिअरचा फरक पडला, की क्षणार्धात तो वीज तोडतो.

मिस्त्रींनी न्हाणीघराचा उतार, सात फरशा आणि तुळईखालची जाळी स्वखर्चाने करून दिली. दिवाणखान्याच्या गिलाव्याचे पैसे मी दिले, आणि या वेळी रोज दोनदा, पूर्ण दहा दिवस, स्वतः पाणी मारले. मागची भिंत खरवडून चुन्याने रंगवली व पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर वळवले. शेवटचा हप्ता पूर्ण चुकता केला.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही अशी वही घालून पाहा. फरशा वाजवून पोकळ कोणत्या ते ओळखा. नळीने उतार मोजा. तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख घाला आणि महिन्याने पुन्हा पाहा. विजेच्या उपकरणांना मात्र हात लावू नका. तिथे फक्त पाहायचे, विचारायचे आणि मोठ्यांना सांगायचे.

आणि विचारताना 'केव्हा' हा रकाना विसरू नका. भिंतीवरचे तडे सर्वांना दिसत होते. त्यांवर आम्ही महिनाभर भांडलो. प्राणावर बेतणारा दोष भिंतीच्या आत दडलेला होता. तो फक्त आईला जाणवत होता, आणि तिचे म्हणणे मी न तपासताच वयाच्या खात्यावर मांडून टाकले होते.

ती वही अजून आमच्या घरी आहे. सहाव्या नोंदीपुढे मुलीने तारीख घालून 'मुंग्या बंद' असे लिहिले आहे, आणि खाली आजीची सही घेतली आहे.