संकेतस्थळ उभे राहिले. नोंदणी कोण करून देणार?

अमेरिकेत आरोग्य विमा प्रामुख्याने नोकरीबरोबर येतो. नोकरी नसेल, मालक विमा देत नसेल किंवा स्वतःचा लहानसा व्यवसाय असेल, तर २०१४ पूर्वी त्या व्यक्तीला विमा कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे. मधुमेह वा हृदयविकार असलेल्या अर्जदारास बहुतेक राज्यांत सरळ नकार मिळू शकत असे. तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही पद्धत मोडीत काढली आणि प्रत्येक राज्यात आरोग्य विम्याची एक सामायिक बाजारपेठ असावी, असे ठरविले. ही बाजारपेठ राज्याने स्वतः उभारावी, अथवा केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर विसंबावे, असे दोन मार्ग खुले ठेवण्यात आले. तेव्हापासूनच्या अनुभवाने एक गोष्ट पुरेशी स्पष्ट केली आहे. बाजारपेठ उभारणे हे केवळ संगणकाचे काम नव्हे. सामान्य माणसाला हाताशी धरून नोंदणी करून देणारी यंत्रणा नसेल, तर कायद्याचा लाभ कागदावरच राहतो.

बाजारपेठेचे स्वरूप

या बाजारपेठेत निरनिराळ्या कंपन्यांच्या योजना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड व प्लॅटिनम अशा चार श्रेणींत मांडलेल्या असतात. उपचारखर्चाचा सरासरी ६०, ७०, ८० आणि ९० टक्के भार विमा उचलतो, असा या श्रेणींचा ढोबळ अर्थ. अर्जदाराचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ठरावीक पटीत असेल, तर हप्त्यावर सरकारी अनुदान मिळते. उत्पन्न त्याहूनही कमी असेल, तर गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत नाव नोंदविता येते. मात्र २०१२ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मेडिकेडचा विस्तार करणे न करणे राज्यांच्या इच्छेवर राहिले.

म्हणजेच एका अर्जामागे राज्याच्या यंत्रणेला बरीच पडताळणी करावी लागते. अर्जदाराची ओळख, कुटुंबातील माणसे, वार्षिक उत्पन्न आणि देशातील वास्तव्याचा दर्जा तपासायचा, अनुदान ठरवायचे आणि मग ती माहिती विमा कंपनीकडे पोहोचवायची. १ ऑक्टोबर २०१३ रोजी देशभर नोंदणी सुरू झाली, तेव्हा याच गुंतागुंतीने अनेकांची दैना उडविली. केंद्राच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या संकेतस्थळावर पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. ओरेगॉन राज्याने सुमारे ३० कोटी डॉलर खर्चून स्वतःची व्यवस्था उभारली. परंतु त्या पहिल्या हंगामात एकाही नागरिकाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऑनलाइन नोंदणी करता आली नाही. कागदी अर्ज हाताने तपासण्यासाठी शेकडो माणसे नेमावी लागली आणि एप्रिल २०१४ मध्ये राज्याने केंद्राच्या संकेतस्थळाचा आसरा घेतला.

केंटकीने काय केले?

याच काळात केंटकी या तुलनेने गरीब, ओबामांविषयी फारशी आपुलकी नसलेल्या राज्याने सर्वांना चकित केले. तेथील गव्हर्नर स्टीव्ह बेशियर यांनी जुलै २०१२ मध्ये कार्यकारी आदेशाद्वारे राज्याची स्वतंत्र बाजारपेठ स्थापन केली. केंटकीच्या संक्षेपातील ‘के वाय’ ही अक्षरे गुंफून तिला ‘कनेक्ट’ असे नाव देण्यात आले. संकेतस्थळ साधे ठेवले गेले. खाते न उघडताही योजना पाहता येत होत्या. मेडिकेड आणि खासगी विमा यांसाठी एकच अर्ज होता, त्यामुळे अर्जदाराला एका दारातून दुसऱ्या दाराकडे पाठविले जात नसे.

तथापि खरी मेहनत संकेतस्थळाबाहेर झाली. ‘कनेक्टर’ या नावाने प्रशिक्षित मदतनीस राज्यभर नेमण्यात आले. राज्याच्या वार्षिक जत्रेत त्यांचे दालन होते. पुढे लेक्सिंग्टन शहरातील एका मॉलमध्ये नोंदणीचे दुकानच थाटण्यात आले. पहिल्या हंगामात चार लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली, त्यांतील बहुसंख्य मेडिकेडमध्ये गेले. गॅलपच्या पाहणीनुसार २०१३ मध्ये केंटकीतील २०.४ टक्के प्रौढांकडे विमा नव्हता. २०१५ च्या पूर्वार्धात हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले.

मे २०१४ मधील एका जनमत चाचणीचा निष्कर्ष तर बोलका होता. राज्यातील ५७ टक्के मतदारांनी ‘ओबामाकेअर’विषयी प्रतिकूल मत दिले, ‘कनेक्ट’विषयी प्रतिकूल मत देणारे मात्र २२ टक्केच होते. वस्तुतः ‘कनेक्ट’ हे त्याच कायद्याचे अपत्य होते. लोकांचा विश्वास कायद्याच्या नावावर नव्हे, तर समोर बसून अर्ज भरून देणाऱ्या ओळखीच्या माणसावर होता.

मदतनिसाचे काम

हा मदतनीस विमा एजंट नव्हे. त्याने प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळविणे आवश्यक असते. विमा कंपनीकडून कमिशन घेण्यास त्याला मनाई असते आणि अमुक योजना घ्याच, असे सांगण्याचा त्याला अधिकार नसतो. अर्जदारासमोर पर्याय ठेवणे आणि त्यांचे परिणाम समजावून सांगणे एवढेच त्याचे काम. परंतु ते मोलाचे आहे.

उदाहरणार्थ, ब्राँझ योजनेचा हप्ता सर्वांत कमी दिसतो, म्हणून अनेकजण तीच निवडतात. परंतु विमा लागू होण्याआधी रुग्णाने खिशातून भरावयाची रक्कम तीत मोठी असते. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंत असेल, तर सिल्व्हर योजनेत ही रक्कम कमी करणारी जादा सवलत मिळते आणि ती अन्य श्रेणींत मिळत नाही. ही बाब माहीत नसलेले कुटुंब हप्त्यात थोडे वाचविते आणि रुग्णालयाच्या बिलात कितीतरी अधिक गमावते. वार्षिक उत्पन्नाचा अंदाज चुकला, तर जादा मिळालेले अनुदान करविवरण भरताना परत करावे लागते. पूर्वी अनेकांसाठी या परतफेडीला मर्यादा होती. २०२५ च्या कायद्याने २०२६ च्या करवर्षापासून ती काढून टाकली.

राजकारण आणि पैसा

उभारणीसाठी केंद्राने राज्यांना भरघोस अनुदान दिले. मात्र २०१५ पासून बाजारपेठांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अट होती. त्यामुळे विमा कंपन्यांकडून हप्त्यांवर आकार घेऊन हा खर्च भागविला जातो. केंटकीत २०१५ च्या अखेरीस सत्तांतर झाले. नवे गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी ही व्यवस्था अनावश्यक ठरवून बंद केली आणि २०१७ च्या विम्यासाठी नागरिकांना केंद्राच्या संकेतस्थळाकडे वळविले. पुढे स्टीव्ह बेशियर यांचे पुत्र अँडी बेशियर गव्हर्नर झाले आणि २०२२ च्या विम्यासाठी ‘कनेक्ट’ पुन्हा सुरू झाले.

केंद्रावर विसंबण्याची किंमत काय असते, हे मदतनिसांच्या निधीवरून दिसते. केंद्राच्या संकेतस्थळावरील राज्यांसाठी हा निधी २०१६ मध्ये ६.३ कोटी डॉलर होता. २०१८ पर्यंत तो १ कोटीवर आला. २०२१ मध्ये तो ८ कोटींवर नेण्यात आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा १ कोटीपर्यंत कापण्याची घोषणा झाली. स्वतःची बाजारपेठ असलेल्या राज्यांना या कपातीची थेट झळ बसत नाही, कारण त्यांच्या मदतनिसांचा खर्च ती स्वतः उचलतात. जॉर्जियाने २०२५ च्या, तर इलिनॉयने २०२६ च्या विम्यासाठी स्वतःची व्यवस्था सुरू केली. हात पोळलेल्या ओरेगॉननेही २०२३ मध्ये कायदा करून स्वतःच्या संकेतस्थळाकडे परतण्याचा निर्णय घेतला.

मराठी कुटुंबांचा संबंध

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनाही हा विषय परका नाही. ग्रीन कार्डवर मुलांकडे राहावयास गेलेल्या ६५ वर्षांवरील आई-वडिलांनी तेथे नोकरी केलेली नसेल, तर सलग पाच वर्षांच्या वास्तव्यापूर्वी त्यांना मेडिकेअर घेता येत नाही. अशांना या बाजारपेठेतून विमा घेता येतो. केवळ भेटीस जाणाऱ्या पर्यटकांसाठी मात्र ही सोय नाही. नोकरी सुटल्याने विमा गेला, तर हंगामाची वाट न पाहता ६० दिवसांत येथे नोंदणी करता येते. मात्र २०२५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी व्हिसाधारकांना हप्त्यावरील अनुदान मिळणार नाही. ग्रीन कार्डधारकांचा हक्क कायम आहे. घरातील प्रत्येकाचा दर्जा निराळा असेल, तर अर्ज भरताना जाणकाराची मदत अपरिहार्य ठरते.

२०२५ च्या विम्यासाठी देशभरात २ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांनी या बाजारपेठांतून नोंदणी केली होती. कोविडकाळात, २०२१ मध्ये वाढविलेले अनुदान २०२५ च्या अखेरीस संपुष्टात आले आणि दारिद्र्यरेषेच्या चारपटीहून अधिक उत्पन्न असलेल्यांचे अनुदान पूर्णपणे थांबले. वाढलेला हप्ता पाहून विमाच सोडून द्यावा, की श्रेणी बदलून तो टिकवावा, हा निर्णय अनेक कुटुंबांवर येऊन ठेपला. संकेतस्थळ त्यांना दर दाखविते. त्या दरामागचा अर्थ समजावून सांगण्यासाठी माणूसच लागतो आणि त्याच्या वेतनाची तरतूद कोणी करायची, हा प्रश्न प्रत्येक राज्याला नव्याने सोडवावा लागत आहे.