जीपच्या हुडाऐवजी पत्रा कशासाठी?



‘एवढ्या जुन्या जीपला नवे छप्पर कशाला?’ असे काही मंडळींनी विचारले आहे. पैसा तुमच्या दानाचा, तेव्हा विचारणे रास्तच. गाडीचे काम माझ्याकडे असल्याने खुलासा मीच करतो.

आपल्या जीपचे कॅनव्हासचे हूड लोखंडी कमानींवर ताणलेले होते. अक्राणीच्या डोंगरात पाऊस लागला की पाणी शिरते ते मुख्यतः शिवणींतून; सुईची भोके ताणाने रुंदावतात. मेण चोळले तर जेमतेम एक पावसाळा निभतो. मागे आडवी निजवलेली बाळंतीण आणि शेजारी औषधांची खोकी, त्यांवर ते पाणी ठिबकत असे. रुग्णाला दवाखान्यात पोहोचेपर्यंत कोरडे ठेवता यावे, एवढ्यासाठी हा खर्च.

पत्रा कोणता, यावर बरीच चर्चा झाली. एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला जवळजवळ ८ किलो भरतो, ॲल्युमिनियमचा ३ किलोंच्या आत. टपावर वजन वाढले की घाटाच्या वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून मी ॲल्युमिनियमवर अडून बसलो. त्याचे वेल्डिंग आपल्याकडच्या साध्या यंत्रावर नीट होत नाही. म्हणून चौकट लोखंडी ठेवून पत्रा रिव्हेटने बसवला. हे दोन धातू ओलीत एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. त्यासाठी चौकटीला रंग देऊन मध्ये रबरी पट्टी घातली. पत्रा मध्यभागी किंचित उंच आहे, नाहीतर पाणी साचते. कडेला पन्हळ आहे.

कापडाचा एक गुण मात्र गेला: बाजू गुंडाळल्या की वारा मिळे. पत्रा उन्हात तापतो. वरून पांढरा रंग, आतून फोम, एवढा उपाय केला आहे. फोममुळे आवाजही कमी होतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत असा बदल मनाने करता येत नाही. आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधीच घेतली आणि विमा कंपनीलाही कळवले.

आणखी एक. टप पत्र्याचा झाला म्हणून बाजाराच्या दिवशी लोक वर बसू पाहतात. त्यांना उतरवणे चालकाला जड जाते, कारण सगळे ओळखीचे. हे छप्पर पाऊस अडवते. गाडी उलटली तर माणसे वाचवण्याइतके ते मजबूत नाही. पाड्यांवर आम्ही हे सांगत आहोत. येत्या पावसाळ्यासाठी चालकाला प्रार्थनेत आठवा.